तंबूतली लाकडाची शेगडी मध्यरात्री धूर का ओकते, आणि शेगडी निवडताना काय पाहावे

कडाक्याच्या थंडीत तंबूत शेगडी लावून राहणाऱ्यांची एक तक्रार दर मोसमात जशीच्या तशी ऐकू येते. संध्याकाळी शेगडी उत्तम पेटते, जेवण होते, मोजे वाळतात, तंबू इतका तापतो की अंगातला स्वेटर काढावा लागतो. आणि मध्यरात्र उलटल्यावर, सगळे गाढ झोपलेले असताना, धूर पाईपातून वर जाण्याऐवजी दाराच्या फटीतून तंबूत शिरू लागतो. दुसऱ्या दिवशी राख काढली जाते, पाईप ठोकला जातो, सांधे घट्ट केले जातात, आणि रात्री पुन्हा तेच होते. अशा वेळी बहुतेकांचा निष्कर्ष असा असतो की शेगडी लहान पडली, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याहून मोठी शेगडी विकत घेतली जाते. या उपायाने दुखणे बरे होत नाही, उलट वाढते, हे मी स्वतः भोगून शिकले आहे. त्यामुळे आधी दुखण्याचे मूळ सांगून मगच शेगडीच्या निवडीकडे वळते.

आम्ही मिनियापोलिसला राहतो. इथून उत्तरेला चार-पाच तास गाडी चालवली की ईली हे गाव लागते आणि त्याच्या पुढे, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंड्री वॉटर्सचे संरक्षित अरण्य पसरलेले आहे. उन्हाळ्यात जिथे लोक होडी वल्हवतात ती तळी हिवाळ्यात गोठतात आणि सामानाची घसरगाडी ओढत त्यांच्यावरून चालत जाता येते. थंडी किती असते याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगते की याच भागातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि तो मिनेसोटा राज्याचा विक्रम आहे. आमच्या वाट्याला एवढी थंडी कधी आलेली नाही. पण जानेवारीत उणे २५ ही इथे नेहमीची रात्र आहे.

ज्या रात्रीबद्दल सांगायचे आहे ती मात्र मार्चच्या सुरुवातीची, त्या मानाने सौम्य, उणे ८ अंशांची होती. तंबू तिघांचा, तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि मध्यभागी दोन मीटर उंच असा शंकूसारखा. शेगडी मात्र मोठ्या भिंतीवाल्या तंबूंसाठी बनवलेली, जळणाच्या पेटीत सहज ४५ लिटर लाकूड मावेल अशी. तासाभरात तंबू भट्टीसारखा तापला, तेव्हा आम्ही दारावरची हवेची भोके जवळजवळ बंद केली, पाईपातली झडप आडवी केली आणि पेटी लाकडांनी गच्च भरून झोपलो. रात्री दोनच्या सुमारास उशाशी ठेवलेला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म किंचाळू लागला आणि मी जागी झाले. आम्ही आधी तिघेही बाहेर पडलो, तंबूची दोन्ही दारे उघडी टाकली, आणि हवा खेळल्यावर आत जाऊन निखारे लोखंडी बादलीत काढून बर्फात विझवले. सकाळी पाईप उतरवला तेव्हा त्याच्या टोकावरची, ठिणग्या अडवणारी जाळी हातात आली. जाळीचे एकही भोक दिसत नव्हते. काकवी कढईच्या काठाला करपून बसावी तसा काळा, चकचकीत, बोटाला चिकटणारा थर तिच्यावर चढला होता आणि त्याला डांबरासारखा उग्र वास येत होता.

काकवीची उपमा मला उगाच सुचली नाही. माझे लहानपण कोल्हापूरजवळ गेले आहे आणि गुऱ्हाळावरचे चुलवाण मी तासन्‌तास पाहिलेले आहे. कढईत शेकडो लिटर रस उकळत असतो, पण चुलवाणात जळण कधी गच्च कोंबत नाहीत. चिपाड सारणारा माणूस वाळलेल्या चिपाडाची एकेक कवळी एकसारखी आत सारत राहतो, जाळ भडभडत असतो, आणि धुराड्यातून निघणारा धूर, सगळे नीट चालले असेल तर, पांढुरका आणि पातळ असतो. ज्या दिवशी चिपाड ओले असते त्या दिवशी तोच धूर पिवळट, दाट होऊन जमिनीलगत लोळतो आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. घरच्या न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाचेही तसेच होते: मधल्या नळीत जाळ पोहोचला की बंब घोंघावत पेटे, आणि ओल्या ढलप्या टाकून तोंड झाकले की न्हाणीघर धुराने भरून जाई. हे सगळे माहीत असूनही तंबूत आम्ही नेमके उलटे वागलो होतो.

दुखण्याचे मूळ

धुराडे धूर वर ओढते ते केवळ आतली हवा गरम, म्हणून हलकी, आणि बाहेरची थंड, म्हणून जड असते यामुळे. ही ओढ दोनच गोष्टींवर अवलंबून असते: पाईपाची उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या वजनातला फरक. अडीच मीटरचा पाईप, आत सरासरी २०० अंशांचा धूर आणि बाहेर उणे २० अशी स्थिती धरली तर ओढ सुमारे १६ पास्कल भरते. पास्कल हे दाबाचे फार लहान माप आहे, आणि सामान्य हवेचा दाब एक लाख पास्कलच्या आसपास असतो हे लक्षात घेतले तर ही ओढ मुळातच किती नाजूक आहे ते कळेल. आता हवेची भोके बंद करून जाळ मंद केला आणि पाईपातल्या धुराचे तापमान ६० अंशांवर आले, तर तीच ओढ निम्म्यावर, म्हणजे ८ पास्कलवर येते. एवढी ओढ वाऱ्याच्या एका झोतानेही उलटू शकते.

गोष्ट इथेच थांबत नाही. लाकूड धुमसत असताना त्यातले डांबरी वायू पूर्ण जळत नाहीत. ते वर जाताना धुराचे तापमान सुमारे १२० अंशांच्या खाली गेले की त्यांचे पाण्याच्या वाफेबरोबर द्रवात रूपांतर होते आणि ते पाईपाच्या आतल्या अंगाला चिकटतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. घरातल्या चिमणीला दुहेरी भिंत आणि आवरण असते, तंबूतल्या शेगडीचा पाईप मात्र एकाच पातळ पत्र्याचा असतो आणि त्याचा वरचा भाग उघड्या गारठ्यात उभा असतो. त्यामुळे सर्वांत थंड जागा म्हणजे अगदी टोक, आणि टोकालाच ती बारीक भोकांची जाळी बसवलेली असते. जाळी बुजली की ओढ आणखी कमी होते, ओढ कमी झाली की जाळ आणखी मंदावतो, मंद जाळाने आणखी क्रिओसोट जमतो, आणि हे चक्र पूर्ण व्हायला चार-पाच तास लागतात. मध्यरात्रीनंतरच धूर का येतो याचे उत्तर हे आहे.

म्हणून या दुखण्याला शेगडीचा लहानपणा जबाबदार नसतो. तंबूच्या मानाने मोठी शेगडी तिच्या ताकदीने जाळताच येत नाही, कारण आतली माणसे भाजून निघतात. तिला सतत कोंडून ठेवावे लागते, आणि कोंडलेली शेगडी धुमसते. लहान शेगडी मोकळेपणाने, भडभडून जाळता येते, तिचा पाईप तापलेला राहतो आणि धूर मुकाट्याने वर जातो.

आपला धूर नक्की कधी येतो?

प्रत्येक धुराचे कारण हेच असते असे मात्र नाही, आणि ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे वेळ. शेगडी पेटवतानाच धूर आत येत असेल तर पाईपात थंड, जड हवेचा बूच बसलेला असतो. तो काढण्यासाठी मोठी लाकडे रचण्याआधी पाईपाच्या बुडाशी, पेटीच्या अगदी मागच्या बाजूला, वाळक्या सालीचा एक मूठभर तुकडा किंवा कागदाचा बोळा जाळावा आणि पाईप हाताला ऊब देऊ लागला की मगच पुढची काटकी पेटवावी. फक्त दार उघडताना धूर येत असेल तर झडप आणि हवेची भोके आधी पूर्ण उघडून, जाळ उसळेपर्यंत काही क्षण थांबून, दार आधी बोटभर आणि मग पूर्ण उघडण्याची सवय लावून घ्यावी. एवढ्यानेच हा त्रास बहुधा संपतो. वाऱ्याच्या झोताबरोबर धूर आत येऊन पुन्हा थांबत असेल तर पाईपाचे टोक तंबूच्या शेंड्याच्या खाली आहे का, किंवा जवळच्या उंच कड्यावरून वारा खाली कोसळतो आहे का, ते पाहावे. पाईप शेंड्याच्या वर किमान हातभर निघालाच पाहिजे, आणि त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण दिलेले असावेत.

एक कारण मात्र हटकून नजरेतून सुटते, ते म्हणजे तंबूत हवाच न येणे. थंडीच्या भीतीने आपण तंबूच्या घेरावर बर्फ लोटतो, झडपा बांधतो, चेन गळ्यापर्यंत ओढतो. आमच्या तंबूत सगळी मिळून ६ घनमीटर हवा मावते. तासाला दीड किलो लाकूड जाळणारी शेगडी, जळणाला लागते त्याहून दुप्पट हवा आत येते असे धरले तर, तासाला सुमारे १४ घनमीटर हवा खेचते. म्हणजे तंबूतली सगळी हवा तासातून दोनदा पाईपावाटे बाहेर जाते. तेवढीच हवा कुठून तरी आत आली पाहिजे, आणि जागाच ठेवली नाही तर ती पाईपातून उलटी उतरते. शेगडीच्या जवळ, तंबूच्या खालच्या कडेला, वीतभर रुंदीची फट कायम उघडी ठेवावी. शेगडीजवळ अशासाठी की आत येणारा गार वारा आपल्या पायांवरून न जाता थेट पेटीत जातो.

चौथी खूण थोडी निराळी आहे. संध्याकाळी सरळ उभा असलेला पाईप सकाळी कललेला दिसत असेल तर शेगडीच्या पायांखालचे बर्फ वितळले आहे. पाईप कलला की सांधे उघडतात. पायांखाली दोन जाड ओंडके आडवे ठेवले, किंवा धातूचा पातळ पत्रा आणि त्याखाली फळ्या ठेवल्या, तर हे टळते. गोठलेल्या तळ्यावर मुक्काम असेल तर हे न विसरता करावे.

किती मोठी शेगडी लागते?

दुकानातल्या पाटीवर “सहा माणसांच्या तंबूसाठी” असे लिहिलेले असते, पण तंबू गरम ठेवायला लागणारी उष्णता माणसांच्या संख्येवर ठरत नसून कापडाच्या क्षेत्रफळावर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. एकेरी कापडातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, ढोबळमानाने ६ वॅट उष्णता निसटते. आमच्या तंबूचे कापड १५ चौरस मीटर आहे. बाहेर उणे २५ असताना आत १० अंश हवे असतील तर फरक ३५ अंशांचा, म्हणून ६ गुणिले १५ गुणिले ३५, म्हणजे सुमारे ३.२ किलोवॅट लागतात. बाहेर उणे ८ आणि आत १५ असे धरले तर २ किलोवॅट पुरतात. फटींतून जाणारी उष्णता याच्या वर थोडी धरावी.

बऱ्यापैकी वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४ किलोवॅट-तास उष्णता असते, आणि पत्र्याच्या साध्या शेगडीतून त्यातली निम्मी तंबूत उतरते असे मी धरते. म्हणजे तासाला एक किलो लाकूड जाळले की २ किलोवॅट. आमच्या तंबूला ऐन जानेवारीत तासाला दीड किलो आणि मार्चमध्ये एक किलो लाकूड पुरेसे होते. ती ४५ लिटरची शेगडी मोकळी सोडली तर तासाला तीन-चार किलो सहज खात असे. तिला मार्चच्या रात्री आम्ही तिच्या ताकदीच्या पावपटीवर चालवत होतो, आणि त्याचेच फळ जाळीवर दिसले.

आज आमच्याकडे १५ लिटरची पेटी असलेली शेगडी आहे. फोडलेले लाकूड सैलसर रचले तर लिटरमागे साधारण पाव किलो मावते, आणि पेटी दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये, म्हणजे एका वेळी अडीच किलो. ते दीड ते दोन तास पुरते. ती रात्रभर जळत नाही, आणि रात्रभर जळावी अशी अपेक्षा तंबूतल्या पत्र्याच्या कुठल्याही शेगडीकडून ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. कुणी विक्रेता आठ तास जळण्याची ग्वाही देत असेल तर ते आठ तास धुमसण्याचे असतात, हे मनात ठेवूनच पैसे मोजावेत.

निवडताना पाईप आधी पाहावा

मी शेगडी पाहायला गेले की पेटीच्या आधी पाईप हातात घेते. त्याची एकूण लांबी आपल्या तंबूचा शेंडा ओलांडून हातभर वर जाईल का? नसेल तर जादा तुकडा मिळतो का? तुकडे एकमेकांत बसवताना वरच्या तुकड्याचे खालचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जाते की बाहेरून बसते? ते आत गेले तर वरून ओघळणारा डांबरी रस पाईपाच्या आतूनच खाली उतरतो आणि पुन्हा जळतो. बाहेरून बसले तर सांध्यातून झिरपून तंबूच्या कापडावर काळे ओघळ उमटतात. पाईप सहा-सात सेंटिमीटर व्यासाचा असेल तर जाळी बारीक नसलेली बरी, आणि ती हाताने, विनासायास, हातमोजे न काढता काढता आली पाहिजे. जी जाळी स्क्रूने पक्की केलेली असते ती साफ करण्याचे काम आपण उद्यावर ढकलतो. जाळी काढून टाकण्याचा सल्लाही पुष्कळजण देतात. कापसाच्या जाड कापडाचा तंबू आणि उंच पाईप असेल तर ते एक वेळ चालेल, पण नायलॉनच्या तंबूवर पडलेली प्रत्येक ठिणगी एक भोक पाडून जाते.

टायटॅनियमचा गुंडाळी पाईप ही पाठीवर सामान वाहणाऱ्यांसाठी खरोखर मोठी सोय आहे. पातळ पत्र्याची ती गुंडाळी उलगडून, उलट्या दिशेने वळवून नळी करायची असते आणि कड्यांनी बांधायची असते. पहिल्यांदा हे काम घरी, जाड हातमोजे घालून, दोघांनी मिळून करावे, कारण पत्र्याची धार हात कापते. एकदा तापून थंड झाला की त्या पत्र्याला नळीचा आकार लक्षात राहतो. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के आहे आणि पत्राही पातळ वापरता येतो, म्हणून दीड-दोन किलोत सगळी शेगडी बसते. त्याची दुसरी बाजू अशी की पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नाही आणि जाळ ओसरला की तंबू काही मिनिटांत गार पडतो. आम्ही सामान घसरगाडीवरून ओढतो, त्यामुळे आम्हाला आठ किलोची स्टेनलेस स्टीलची शेगडी जड वाटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पेटीला किंवा पाईपाला, अजिबात नसावा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि लालबुंद पत्र्यावरून त्याचा जो धूर निघतो तो श्वासावाटे गेला तर ताप येतो.

पेटीच्या बाबतीत मी दार पाहते. दार लहान असले की लाकूड अधिक बारीक फोडावे लागते. पेटीची लांबी ३० सेंटिमीटर असेल तर रात्रीच्या अंधारात करवतीने किती तुकडे पाडावे लागतील याचा हिशेब आधीच करावा. हवेची भोके दाराच्या अगदी तळाशी असतील तर तीन तासांत राख त्यांच्या तोंडाशी येते आणि हवा अडते, तेव्हा ती तळापासून तीन-चार बोटे वर असावीत किंवा आत जाळीदार तवा असावा. कडी लाकडाची किंवा तारेच्या गुंडाळीची हवी. वरच्या पृष्ठभागावर पातेले स्थिर बसते का, हे मात्र घरूनच पातेले नेऊन पाहिलेले बरे.

तंबूला पाईपासाठीचे भोक, ज्याला स्टोव्ह जॅक म्हणतात, आधीपासून नसेल तर ते शिवून घेता येते, पण नायलॉन साधारण २२० ते २६५ अंशांना वितळते आणि मोकळ्या जाळाने बुडाशी पाईप त्याहून खूप अधिक तापतो, म्हणून त्या भोकाभोवती सिलिकॉन चढवलेल्या काचतंतूच्या कापडाचा रुंद पट्टा लागतो. कापड शेगडीच्या किती जवळ चालेल यासाठी माझा आडाखा असा आहे की शेगडी भडकलेली असताना हाताची मागची बाजू कापडाला लावून ठेवावी. निवांत दहा आकडे मोजता आले नाहीत तर शेगडी आणखी सरकवावी.

लाकूड ओले असेल तर कुठलीही शेगडी धुमसेल

बाउंड्री वॉटर्समध्ये केवळ मेलेले आणि जमिनीवर पडलेले लाकूडच वापरता येते. उभे झाड तोडणे किंवा जिवंत बर्चची साल सोलणे नियमाबाहेर आहे. घरून सरपण नेणेही योग्य नाही, कारण ॲशच्या झाडांना मारणारा हिरवा भुंगेरा सरपणातूनच पसरतो आणि तो मिनेसोटात २००९ पासून आहे. तेव्हा बर्फात पडलेल्या लाकडातूनच कोरडे लाकूड शोधावे लागते. जमिनीला टेकलेले खोड सोडून द्यावे आणि जे पडताना आपल्याच फांद्यांवर तोलून अधांतरी राहिले आहे ते घ्यावे. साल आपोआप गळून गेलेले, करड्या रंगाचे, चिरा पडलेले जॅक पाइन किंवा स्प्रूसचे मनगटाएवढे लाकूड उत्तम. बर्चचे पडलेले खोड दिसायला देखणे असते, पण त्याची साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आतले लाकूड अनेकदा कुजून स्पंजासारखे झालेले असते. त्याची गळून पडलेली साल मात्र पेटवणासाठी सोन्यासारखी आहे.

दोन तुकडे एकमेकांवर आपटून टणक आवाज आला की लाकूड वाळलेले आहे, हा आपल्याकडचा आडाखा उणे २० अंशांत फसवतो, कारण गोठलेले ओले लाकूडही तसेच खणखणते. इथे वजनावर विश्वास ठेवावा. शंका असेल तर एक ढलपी फोडून तिची आतली बाजू तापलेल्या शेगडीजवळ दोन मिनिटे धरावी: ओल्या लाकडाच्या टोकाला पाण्याचे बुडबुडे येतात आणि ते चरचरू लागते. वीस टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १४ मेगाज्यूल उष्णता मिळते, पंचेचाळीस टक्के पाणी असलेल्यातून जेमतेम ९. खरा तोटा त्याहून मोठा आहे, तो असा की ते पाणी उकळवण्यात जाळ थंड पडतो आणि पाईप पुन्हा क्रिओसोटच्या मर्यादेखाली येतो.

महाराष्ट्रातून लडाख-स्पितीला हिवाळी भ्रमंतीसाठी जाणारे मित्र अशी शेगडी सोबत नेण्याबद्दल विचारतात. मी त्यांना नको म्हणते. तो थंड वाळवंटी प्रदेश आहे, तिथे सरपण मुळातच दुर्मिळ आहे, आणि लावलेली विलो-पॉप्लरची झाडे व साठवलेले शेण हा तिथल्या घरांचा हिवाळ्याचा आधार आहे. शिवाय लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने विरळ असते, म्हणून त्याच पाईपाची ओढही त्या प्रमाणात घटते. तिथे घरातल्या बुखारीशेजारी, म्हणजे तिथल्या पाईपवाल्या शेगडीशेजारी, झोपावे आणि तंबूत भरपूर जाड स्लीपिंग बॅगच्या भरवशावर राहावे.

झोपण्यापूर्वी

रात्री सगळ्यांत धोकादायक वेळ धुराची नसते. धूर निदान दिसतो, डोळ्यांना झोंबतो. जाळ संपून नुसते निखारे उरले की धूर दिसत नाही, वास येत नाही, पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाईप गार होऊन ओढ संपत आलेली असते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. आपल्याकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्यामागे हाच वायू असतो.

म्हणून सगळे झोपणार असतील तर झोपण्याच्या तासभर आधी नवे लाकूड टाकणे थांबवावे, भोके आणि झडप पूर्ण उघडी ठेवून निखारे जळू द्यावेत आणि उरलेले लोखंडी बादलीतून बाहेर न्यावेत. शेगडी चालू ठेवायचीच असेल तर एकाने जागे राहावे. फिनलंडच्या सैन्यात तंबूतल्या शेगडीपाशी रात्रभर पाळीने एकजण जागा बसतो. त्या राखणदाराला तिथे ठिणगी या अर्थाचा “किपिना” हा शब्द आहे. आम्ही तिघे उणे २० च्या खाली दोन-दोन तासांच्या पाळ्या लावतो, आणि त्याहून सौम्य रात्री शेगडी विझवून झोपतो. स्लीपिंग बॅग मात्र शेगडी नाहीच असे समजून, बाहेरच्या तापमानाला पुरेल अशीच घ्यावी.

अलार्म आकडा दाखवणारा असावा. अमेरिकेतल्या मानकानुसार घरगुती अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग) पातळीला एक ते चार तासांनंतर वाजतो आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. तोवर डोके दुखू लागलेले असते, म्हणून वाजण्याची वाट न पाहता आकड्याकडे लक्ष ठेवावे. त्याची बॅटरी थंडीत मान टाकते, तेव्हा दिवसा तो अंगाशी, कोटाच्या आतल्या खिशात बाळगावा आणि रात्री उशीच्या उंचीवर टांगावा.

नवी शेगडी पहिल्यांदा तंबूत पेटवू नये. कारखान्यातले तेल आणि रंग जळून जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, ती अंगणात मोकळी जाळावी. आम्ही लहान शेगडी अशीच मागच्या अंगणात जाळून घेतली आणि पुढच्या वर्षी, पुन्हा मार्चमध्येच, त्याच तळ्यावर तोच तंबू लावला. झडप अर्ध्याच्या खाली कधी आणली नाही, गरम झाले तेव्हा लाकूड कमी टाकले आणि तंबूच्या कापडाची वरची झडप उघडली. तिसऱ्या सकाळी मी पाईप उतरवून जाळी पाहिली. तिच्यावर तपकिरी, कोरडी भुकटी होती. जाळी हातमोज्यावर दोनदा आपटली आणि तिची भोके मोकळी झाली.